रेव्हरंड टिळक आणि घरची गाणी

घोलवड, डहाणू, तलासरी ह्या बाजूच्या पाड्यांत लग्न निघाले म्हणजे धवलेरीस बोलावणे जाते. सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहीत असतात, आणि धवलेरीचे गाणे सोबत असल्यावाचून त्या चौकास पूर्तता येत नाही. कापणी झाली की तारप्याचा सूर निघतो व त्याभोवती माणसे फेर धरतात. अशा ठिकाणी वाढलेल्या बाईस पुढे कोठे परमुलखात ते सूर ऐकू आले, तर तिला नुसते सूर आठवत नाहीत. ओल्या पिठाचा वास, मांडवातील गर्दी, आईच्या हातातील बांगड्यांचा आवाज, हे सारे एकदम उभे राहते. गाणे मनात एकटे राहत नाही. ज्या वेळी, ज्या कामात, ज्या माणसाच्या तोंडून ते प्रथम कानी पडले, त्या साऱ्यास ते आपल्याबरोबर बांधून ठेवते.

आता वाचकांनी ह्याची दुसरी बाजू मनात आणावी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रदरन मंडळीचे मिशनरी डहाणूस येऊन राहिले. त्याच्या कितीतरी आधीपासून अमेरिकन मिशनचे काम अहमदनगर जिल्ह्यात चालू होते. जे घराणे प्रभूकडे वळले त्याने जुनी दैवते सोडली, आणि त्या दैवतांबरोबर जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी, सणांची गाणी हीही बहुधा सोडली, कारण त्यांतील ओळीओळीत त्या दैवतांची नावे गुंफलेली असत. त्या जागी उपासनामंदिरात जी गीते मिळाली त्यांतील पुष्कळ विलायती चालीवर बसविलेली होती. ती रविवारी गाइली जात. सोमवारी पहाटे जात्याशी बसलेल्या बाईच्या ओठांवर मात्र त्यांतले काही येत नसे. देव मिळाला, पण आईच्या आठवणीशी बांधलेले गाणे गेले, अशी त्या घरांची अवस्था होती. ही उणीव ज्यांस सर्वांत तीव्रतेने जाणवली आणि ज्यांनी ती भरून काढण्यात आयुष्याची उत्तम वर्षे खर्च केली, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक होत. त्यांचे चरित्र आमच्या मंडळ्यांस परिचित आहे. येथे ते ह्या एका अंगाने सांगावयाचे आहे.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते व त्यांचा स्वभाव कडक होता. आई जानकीबाई मोठी प्रेमळ, देवभोळी आणि कवितेची आवड असलेली. मुलाच्या बाळपणातील काही वर्षे कल्याणास गेली. घोलवड ज्या ठाणे जिल्ह्यात 2014 सालापर्यंत मोडत असे, त्याच जिल्ह्यातले हे गाव. मुलगा अकराबारा वर्षांचा असेल नसेल तोच आई वारली. पित्याशी त्याचे जमले नाही, आणि थोड्याच दिवसांत तो घर सोडून नाशिकास आला. नाशिक येथे गणेशशास्त्री लेले ह्यांच्यापाशी त्याने संस्कृताचे अध्ययन केले. इंग्रजी शाळेचे शिक्षण मात्र दोनएक वर्षेच झाले.

आईचे प्रेम हा टिळकांच्या काव्याचा पाझर आहे, असे त्यांची गीते वाचताना वारंवार वाटते. देवास माता म्हणून आळविण्याची रीत त्यांनी संतांकडून घेतली हे खरे; परंतु ती रीत त्यांच्या हाती इतकी जिवंत झाली ह्याचे कारण पोथीत शोधण्यापेक्षा त्या लवकर संपलेल्या बाळपणात शोधावे. आईवाचून वाढलेल्या मनुष्यास आईच्या आवाजाची किंमत कळते.

1880 च्या सुमारास त्यांचे लग्न नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका हिच्याशी झाले. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवले. तीच पुढे स्मृतिचित्रे लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक. टिळकांची वृत्ती एका जागी स्थिर राहण्याची नव्हती. कोठे शिक्षक, कोठे कीर्तनकार, कोठे पुराणिक, असे ते गावोगाव हिंडले. कीर्तने करीत असताना त्यांनी जे शिकले ते कोणत्याही पाठशाळेत शिकता आले नसते. अक्षर न येणारा श्रोता पद कसे उचलतो, धृपद किती वेळा फिरले म्हणजे ते त्याच्या ओठांवर बसते, टाळकऱ्यांनी मागे सूर धरला की लाजरा मनुष्यही कसा गाऊ लागतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

1891 साली ते नागपुरास गेले. तेथील धनिक आप्पासाहेब बुटी ह्यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांच्या संपादनाचे काम केले व ऋषि नावाचे मासिक चालविले. पुढे 1893 साली राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी जात असता आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय गृहस्थाशी त्यांचे बोलणे झाले. त्या गृहस्थाने त्यांस नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचन वाचून त्यांचे मन हलले, आणि दोन वर्षांच्या आतबाहेरच्या झगड्यानंतर 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो आपल्या देशाच्या पाळकाच्याच हातून व्हावा असा त्यांचा आग्रह होता. त्या आग्रहात त्यांच्या पुढील साऱ्या कार्याचे बीज आहे. प्रभू आपला आहे, मग त्याची भक्ती परकी का असावी, हा प्रश्न त्यांनी पहिल्या दिवसापासून सोडला नाही.

ह्या पावलाची किंमत सर्वांत अधिक लक्ष्मीबाईंनी भरली. सुमारे पाच वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. त्या वर्षांत त्या माहेरच्या माणसांबरोबर राहिल्या. काही काळ त्यांनी पंढरपुरासही काढला. ज्या स्त्रीचा दिवस व्रतांनी, सणांनी आणि त्यांच्या गाण्यांनी भरलेला होता, तिने पुढे मुलगा दत्तू ह्यास घेऊन नगर जिल्ह्यात येऊन पतीशेजारी राहावयाचे ठरविले, तेव्हाही आपले सोवळे व आपली चूल तिने वेगळी ठेवली. हळूहळू, आपल्या विचाराने, कोणाच्या जुलमावाचून, तिचा जातीचा अभिमान गळाला, आणि 1900 साली राहुरी येथे तिचा बाप्तिस्मा झाला. टिळकांनी घाई केली नाही. धर्म बदलणे एका घटकेचे काम असेल. जिभेवरचे गाणे बदलणे तसे नाही, हे त्यांस आपल्याच घरात उमगले असावे.

त्याच सुमारास, 1899-1900 साली, मोठा दुष्काळ पडला. नगर जिल्ह्यात शेकडो पोरकी मुले मिशनच्या आश्रयास आली. टिळकांनी व लक्ष्मीबाईंनी पोरक्या मुलांस आपल्या घरातही जागा दिली. ह्या मुलांस अन्न, वस्त्र, शाळा हे सर्व देता येत होते. परंतु अंगाई म्हणणारी आई नव्हती, आणि तिने म्हटलेली अंगाई आठवावी एवढे वय पुष्कळांचे नव्हते. फुलांमुलांचे कवी हे नाव टिळकांस पुढे मिळाले ते त्यांच्या कवितांवरून. त्या कवितांमागे हे भरलेले, गोंगाटाचे घर होते हे विसरू नये.

टिळकांच्या पूर्वी मराठी ख्रिस्ती गीते नव्हती असे नाही. नगरच्या मंडळीत कृष्णराव रत्नाजी सांगळे ह्यांनी देशी चालीवर पदे व कीर्तने रचली होती, आणि त्यांचा मान त्यांस दिलाच पाहिजे. त्याहूनही मागे गेल्यास गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी ओवीछंदात ख्रिस्तपुराण रचून 1616 साली छापून घेतले होते. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत इंग्रजी गीतांच्या भाषांतरांचा मोठा भरणा होता. त्यांत दोष भक्तीचा नव्हता, रचनेचा होता. मराठीत ऱ्हस्व व दीर्घ अक्षरांचा जो भेद आहे तो विलायती चाल पाळीत नाही. तिचा ठोका जेथे पडेल तेथले अक्षर ताणले जाते, मग ते मूळचे ऱ्हस्व का असेना. त्यामुळे ओळखीचा शब्दही अनोळखी वाटू लागतो, आणि जो शब्द तोंडात नीट बसत नाही तो कामाच्या वेळी आठवत नाही.

अभंगाची गोष्ट निराळी. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण, लहान अभंगात आठ आठ अक्षरांचे. दीर्घ-ऱ्हस्वाचा काच नाही, गाणाऱ्याने आपल्या श्वासाप्रमाणे अक्षर सोडावे वा धरावे. ओवी तर त्याहूनही मोकळी. जात्याचा पाळू फिरत असता एकीने ओवी उचलावी, समोरचीने ती पुरी करावी. जात्याची फेरी हाच तिचा ताल. मोट हाकताना, पायी वारीस चालताना, मूल मांडीवर थोपटताना जो छंद शेकडो वर्षे माणसांच्या हातापायांशी जुळत आला, त्यातच टिळकांनी प्रभूचे नाव घातले. नवे पाणी त्यांनी ओळखीच्या घागरीत भरले, आणि म्हणून ते घरोघर पोचले.

ह्या वाटेने त्यांस नेणारे मुख्य गुरू तुकाराममहाराज. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो अशी त्यांची भावना होती, व ती त्यांनी कधी लपविली नाही. काही मिशनऱ्यांस व काही आपल्याच बांधवांस हे रुचत नसे. त्या चालींस देवळाचा वास येतो, टाळमृदंग वाजला की नवशिक्याचे मन मागे जाईल, अशी धास्ती त्यांस वाटे. धास्ती अगदीच निराधार होती असे म्हणवत नाही. चालीबरोबर आठवण येते हे तर आपण आरंभीच पाहिले. परंतु टिळकांनी त्याच गोष्टीचा उलट उपयोग केला. आठवण येणारच असेल, तर मनुष्याने तिच्यापासून पळावे का? आजीच्या भजनाची आठवण घेऊनच त्याने प्रभूपुढे का बसू नये? आमच्या मते येथे टिळकांची दृष्टी त्यांच्या टीकाकारांहून खोल होती. ज्याचे पूर्वीचे सारे सूर पुसून टाकले त्याची भक्ती शुद्ध होत नाही, पोरकी होते.

1904 साली त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. नगर येथील धर्मशिक्षणाच्या शाळेत ते शिकवीत, आणि 1912 पासून मृत्यूपर्यंत ज्ञानोदयाच्या मराठी विभागाचे संपादकत्व त्यांजकडे होते. गीते मात्र सर्व काळ चालूच. मंडळ्यांच्या उपासना संगीत ह्या संग्रहात एकट्या टिळकांची गीते अडीचशेंहून अधिक आहेत. एवढी संख्या एका मनुष्याची असणे हे कोणत्याही भाषेच्या गीतसंग्रहात विरळा. निकल मॅकनिकल ह्यांनी त्यांतील काहींचे इंग्रजीत भाषांतर केले आणि ती परदेशच्या मंडळ्यांतही गाइली जाऊ लागली. इंग्रजी गीतांची मराठी भाषांतरे म्हणणाऱ्या ख्रिस्ती समाजाचे गीत उलट्या दिशेने समुद्रापार गेले, ही लहान गोष्ट नव्हे.

मराठी कवितेतही त्यांचे स्थान असेच मानाचे आहे. 1907 साली जळगावास जे कविसंमेलन भरले त्यात सतरा वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोमरे पुढे आला आणि बालकवी ह्या नावाने ओळखला जाऊ लागला. टिळकांनी त्यास नगरला आपल्या घरी ठेवून मुलासारखे वागविले. ब्राह्मण घरातला मुलगा ख्रिस्ती घरात राहतो ह्याचा त्या काळी बोभाटा झालाच. टिळकांच्या घरात त्याने भेद उत्पन्न झाला नाही. 1918 साली भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली सापडून बालकवींचा अंत झाला.

1917 साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली व ते साताऱ्यास जाऊन राहिले. पंथांच्या भिंती व पगाराचे बंधन ह्यांपलीकडे, बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांचा एक बंधुसंघ असावा, अशी त्यांची कल्पना होती. तिला त्यांनी देवाचा दरबार हे नाव दिले. तो दरबार त्यांच्यामागे फार दिवस टिकला नाही. प्रकृतीही साथ देत नव्हती. 9 मे 1919 रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन करण्यात आले व अस्थी नगरास नेण्यात आल्या.

दरबार मिटला, गीते राहिली. ती का राहिली हे समजावयास कवितेच्या गुणांपेक्षा गाणाऱ्यांच्या दिनक्रमाकडे पाहावे. खेड्यातील लहान मंडळीत एखादी वृद्ध बाई असते. तिला अक्षरओळख नसते, पण तीसचाळीस गीते मुखोद्गत असतात. त्यांतले एखादे तिने प्रथम आपल्या मुलाच्या बारशास ऐकलेले असते, एखादे पतीच्या प्रेतापाशी. गीताचा अर्थ पुस्तकात एकच छापलेला असतो. तिच्यापाशी त्याचे दोन अर्थ आहेत, आणि दुसरा केवळ तिचा आहे. उपाध्याय एखाद्या रविवारी सहज क्रमांक सांगतो, आणि मागच्या बाजूस बसलेले कोणी पदराने डोळे टिपते. त्या गीतात रडण्याजोगे काही नसेलही.

अलीकडे स्मृतीचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनीही ह्या गोष्टीचा शोध घेतला आहे. दहा ते तीस ह्या वयात ऐकलेली गाणी उतारवयात सर्वांत अधिक आठवणी जागवितात असे त्यांस आढळले आहे. विस्मरणाच्या आजाराने ज्यांस घरच्या माणसांची नावेही आठवेनाशी होतात, अशांपैकी कित्येकांस लहानपणचे गाणे ओळखता येते, कधी म्हणताही येते. जात्याविषयीचा अनुभवही असाच बोलका आहे. पिठाच्या गिरण्या आल्या व जाती कोपऱ्यात गेली. तरी 1980 नंतरच्या वर्षांत हेमा राईरकर व गी पॉइतवाँ ह्यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाहून अधिक भरल्या. दळण थांबून कित्येक वर्षे झाली होती, तरी त्या बायांच्या ठायी ओव्या शिल्लक होत्या. आईचे माहेर, भावाची वाट, सासूचा जाच, सारे त्यांत होते.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. ज्या विलायती चालींस टिळक परक्या म्हणत, त्यांच्यावर आज तीनचार पिढ्यांचे जगणे साचले आहे. ज्याच्या आजोबांनी नाताळच्या पहाटे कंदील घेऊन त्याच चालीवर गात वस्तीत फेरी काढली, त्यास ती चाल आता परकी कशी वाटावी? चाल कोठून आली हे आठवण विचारीत नाही, ती कोणाच्या तोंडून आली एवढेच विचारते. उलट टिळकांची गीते काही तरुणांस जुनाट वाटतात, कारण घरी ती त्यांच्या कानी पडलीच नाहीत. त्यांनी ती केवळ मंदिरात पुस्तक उघडून पाहिली. गीत घरात म्हटले गेले नाही तर टिळकांचे असूनही ते सोमवारी आठवणार नाही.

टिळकांमागे त्यांच्या घरात गाण्याचे व आठवणीचे हे काम लक्ष्मीबाईंच्या हाती आले. लग्न झाले तेव्हा त्यांस लिहितावाचता येत नव्हते. ते त्यांस टिळकांनी शिकविले. पतीच्या मृत्यूनंतर त्यांनी स्मृतिचित्रे लिहिली, ती 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. मराठीतील पहिल्या प्रतीच्या आत्मचरित्रांत आज ह्या ग्रंथाची गणना होते. त्यात मोठ्या घडामोडींपेक्षा चूल, प्रवास, भांडण, पाहुणे, मुलांची आजारपणे ह्यांचीच दाटी आहे, आणि टिळकांचे कवित्व त्या दाटीतूनच वाट काढीत असलेले दिसते. ख्रिस्तायन हे प्रभूचे ओवीबद्ध चरित्र टिळकांनी 1909 साली आरंभिले होते. ते अकराव्या अध्यायात राहून गेले होते. लक्ष्मीबाईंनी त्याच छंदात पुढचे चौसष्ट अध्याय रचले. जात्याशी बसून ज्या ओव्या त्या बाळपणी ऐकत आल्या, त्यांच्याच छंदात, पासष्टीच्या घरात आलेली ती बाई लिहीत होती. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्या वारल्या, तेव्हा ग्रंथ पुरा व्हावयाचा होता. शेवटचा अध्याय त्यांचे पुत्र देवदत्त ह्यांनी लिहिला, आणि 1938 साली ख्रिस्तायन छापून बाहेर पडले.